दीपकाडीची खोटी जागा

आजारी पडल्यावर मला आजारपणावरची पुस्तकं बरीच भेट आली. एकात धीर होता, एकात श्रद्धा, एकात आहार आणि एकात तर श्वास कसा घ्यावा तेही होतं. हेव्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढलेला नव्हता. मला लिम्फोमा झाला, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, आणि पहिल्या रिपोर्टपासून शेवटच्या सलाइनपर्यंत नवऱ्याच्या खालोखाल माझी सोबत कुणी केली असेल तर ती हेव्याने. तुमच्यापैकी कुणी सध्या अशाच खाटेवर असेल, आणि आपण आजाराबरोबर नीचही झालो की काय, असं मनात येत असेल, तर आणखी एक बाई तशीच होती हे कळावं म्हणून लिहितेय.

मी रत्नागिरीत एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. पंचवीस वर्षं दर पावसाळ्यात मुलांना गावाबाहेरच्या सड्यावर नेतेय. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. आठ महिने तिथे गुरंही नाखुशीने जातात, आणि पावसाळ्यात पाऊल कुठे ठेवावं कळत नाही इतकी बारीक फुलं येतात. ह्या सड्याने मला कसं बदललं, यावर मी एक पुस्तक लिहिलं. ते बऱ्यापैकी चाललं. मग वर्तमानपत्रात सदर आलं, कॉलेजांतून भाषणं आली. ‘निसर्गाजवळ गेलं की माणसाचं मन मोठं होतं’, हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की झोपेतही बोलत असेन.

पुस्तकातलं सगळ्यांना आवडणारं प्रकरण आहे ते दीपकाडीचं. सरळ हिरवी दांडी आणि तिच्यावर पांढरी फुलं, जमिनीखाली कंद. आमच्याच भागातल्या कातळांवर ती येते, पावसाच्या सुरुवातीचे थोडे दिवस फुलते आणि जाते. आई गेल्यानंतरच्या पावसाळ्यात एकटीच भटकत असताना मला तिची जागा कशी सापडली, ते मी त्यात लिहिलंय. लोक फुलं तोडतात, कंद उकरून नेतात, म्हणून ती जागा मी कुणाला सांगत नाही. फक्त सातवीच्या मुलांना नेते, आणि तिथे पोचल्यावर प्रत्येकाने कातळावर हात ठेवून म्हणायचं, ‘बाईंशिवाय इथे कुणाला आणणार नाही.’ आतापर्यंत कुणी शब्द मोडलेला नाही.

रिपोर्ट

एप्रिलमध्ये मानेशी गाठ हाताला लागली. ती दुखत नव्हती, म्हणून मीही तिला काही बोलले नाही. मे महिन्यात शेजारी दुसरी आली तेव्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कोल्हापूरला पाठवलं. तिथे तुकडा काढला, आणि महिन्याच्या शेवटी रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो.

डॉक्टर तरुण होते, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. त्यांनी नीट सगळं सांगितलं. बरा होणारा प्रकार आहे, सहा वेळा केमो, दर तीन आठवड्यांनी. मी मान डोलावत होते आणि मला त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट तेवढा दिसत होता. श्रीधर, माझा नवरा, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याने एकच प्रश्न विचारला. “म्हणजे आंबा घाटातून एकूण किती खेपा?”

मला इतका राग आला! बायकोला कॅन्सर झालाय आणि हा घाट मोजतोय. आपल्या हातात काय आहे तेवढंच तो विचारत होता, हे मला फार उशिरा कळलं.

बाहेर रस्त्यावर उसाच्या रसाचं दुकान होतं. तिथे माझ्याच वयाची एक बाई रस पिता पिता मैत्रिणीच्या कशाला तरी हसली, रस तिच्या नाकातून आला, आणि मग दोघी पोट धरून हसत सुटल्या. तिला काही झालेलं नव्हतं. मला रडू यायला हवं होतं, पण आधी आला तो तिचा हेवा. मी मान फिरवून गाडीत जाऊन बसले.

बंदी

केमोने पांढऱ्या पेशी उतरतात, त्यामुळे जपावं लागतं. कच्चं खायचं नाही. गर्दीत जायचं नाही. मातीत हात घालायचा नाही. घरात फुलं, कुंड्या नकोत. शेवटची सूचना ऐकून श्रीधरने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

त्याने माझ्या सगळ्या कुंड्या एका रविवारात हलवल्या. बऱ्याचशा शेजारच्या काकूंकडे गेल्या. माझ्याकडे दोन वर्षं नुसती पानं दाखवणारी अबोली त्यांच्या गॅलरीत पंधरा दिवसांत लगडली. माझ्या खिडकीतून ती सरळ दिसायची. मी श्रीधरला पडदा लावायला सांगितला. पुस्तक लिहिणारी बाई एका अबोलीवर जळत होती.

आमच्याकडे कामाला मिरजोळ्याहून सुमनताई येते. तिने पहिल्या दिवशी दारातूनच विचारलं, “बाई, तुमी एवढा झाडापाल्याचा करता, नि तुमालाच कसा ओ झाला?”

बाकीचे तेच विचारायचे, फक्त जरा वळण देऊन. “तुम्हाला काय सांगायचं, तुमचंच पुस्तक आहे की.” “रोज अर्धा तास झाडाखाली बसा, तुम्हीच लिहिलंयत.” एकीने तर माझाच परिच्छेद फोटो काढून मला पाठवला. मी तो मुळापासून वाचला आणि लिहिणारीचा मला संताप आला. काय ती खात्री! केवढी ती धडधाकट होती! वाचता वाचता मला माझाच हेवा वाटायला लागला, आणि मी फोन उशीखाली ढकलून दिला.

कागलच्या आक्का

केमोचा दिवस असा: सकाळी रक्त, मग वाट, मग पेशी पुरेशा आहेत की नाहीत याचा निकाल, मग सुई, मग पाच-सहा तास थेंब. नर्स येताना विचारायची, “काय वो बाई, जेवलासा?” आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायची. वर्गात शिरल्या शिरल्या मी हजेरी घेते तसं ते होतं, म्हणून मला ते आवडायचं.

शेजारच्या खाटेवर कागलच्या आक्का असत. त्यांचंही दुखणं माझ्याच जातीचं, औषधही जवळजवळ तेच. पण माझ्या तोंडाला लोखंडाची चव यायची आणि आक्का सलाइन लावलेल्या हाताने भाकरी मोडून ठेचा खायच्या. माझ्या पेशी काठावर पास, आक्कांच्या नेहमी पहिल्या वर्गात. आणि दोन खेपा झाल्या तरी त्यांचा अंबाडा जागच्या जागी. निकालाचा कागद आला की मी आधी त्यांचा आकडा बघायची. वाचकहो, खोटं कशाला सांगू, एकदा त्यांचा आकडा घसरला तेव्हा मला बरं वाटलं.

त्याच दिवशी आक्का म्हणाल्या, “बाई, तुमचं बरं हाय बघा. मालक दिसभर उशाला बसून असतोय. माझा आला की मोबाइलात तोंड घालतोय. आन तुमास्नी वाचाय येतंय, येळ जातोय. मी आपली पंख्याची पाती मोजत बसतो.”

मी श्रीधरकडे पाहिलं. तो स्टुलावर बसून माझी पाण्याची बाटली दोन्ही हातांत धरून पेंगत होता. ह्याचा कुणाला हेवा वाटत असेल हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

तृप्ती

माझ्या जागी सड्याचे वर्ग तृप्तीला दिले. तृप्ती माझीच जुनी विद्यार्थिनी, पूर्णगडच्या मासेमारी करणाऱ्या घरातली. रत्नागिरीत मावशीकडे राहून शिकली आणि चार वर्षांपूर्वी आमच्याच शाळेत शिक्षिका म्हणून आली. माझ्या पुस्तकाच्या प्रकाशनाला ती पहिल्या रांगेत होती. सहीसाठी प्रत पुढे केली तेव्हा मी तिच्या नावाखाली लिहिलं होतं, ‘डोळे उघडे ठेवून पाहायला शिक.’

एक दिवसाआड ती यायची. मी दाराच्या आत खुर्चीवर, तोंडाला मास्क, आणि ती बाहेर पायरीवर. मुलांनी काढलेली चित्रं दाखवायची, आज काय पाहिलं ते सांगायची. तिच्या पोटऱ्यांना सड्याचा चिखल लागलेला असायचा, आणि मला त्या चिखलाचा हेवा वाटायचा. जाताना ती डबा ठेवायची. “आईने सुकटीची चटणी दिल्येय बाई, चांगली कडक भाजून. तुमच्या तोंडाला चव नाही म्हणून.” खरंच, त्या दिवसांत चव लागायची ती तेवढीच. मी तिचा राग राग करत चटणी चाटूनपुसून खायची.

मुलं तिला तृप्तीबाई म्हणायला लागली. शाळेतून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी तिचं कौतुक. श्रीधरही एकदा म्हणाला, “गुणाची आहे हो पोरगी, किती धावत्ये.”

“मग तिलाच आण घरात,” मी म्हणाले. तो उठून आतल्या खोलीत गेला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सकाळी नाहताना माझे केस हातात आले. मोरीची जाळी तुंबली. श्रीधरने ती साफ केली. आणि दुपारी तृप्ती आली. ओली छत्री पायरीशी ठेवली आणि वेणी पुढे घेऊन पिळली. मनगटाएवढी जाड वेणी, तिच्यातून पाणी निथळत होतं.

“बाई, सातवीची मुलं दीपकाडीचं सारखं विचारतायत. शनिवारी फेरी आहे. काय करू?”

खरं सांगायचं तर मला एक वाक्य पुरलं असतं. यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. ती हो म्हणाली असती. पण मला नुसता नकार नको होता. तिने मुलांना न्यावं, शोधशोध शोधावं, काही सापडू नये, आणि मुलांनी म्हणावं की बाई हव्या होत्या. मला एवढं हवं होतं.

“मिरजोळ्याच्या अंगाला जुनी बंद चिरेखाण आहे ना,” मी म्हणाले, “तिच्या कडेकडेने पलीकडे जा. तिथे बघ.”

खरी जागा बरोबर उलट्या दिशेला आहे. तृप्तीला ती ठाऊक नाही, असं मी धरून चालले होते. चिरेखाणीपलीकडे पंचवीस वर्षांत मी दीपकाडीचं एक पातंही पाहिलेलं नाही.

तृप्तीने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. “चिरेखाणीच्या पलीकडे,” ती म्हणाली. “बरं बाई.”

शनिवार

मुलं आठला निघाली. दहाच्या सुमाराला पाऊस असा कोसळायला लागला की समोरची अबोली दिसेना. माझी पहिली प्रतिक्रिया लिहायला लाज वाटते, पण लिहिते: बरं झालं, आता भिजू देत.

मग मला खाण दिसली. जांभ्याचे चिरे कापून काढलेली, सरळ उभ्या भिंतींची, दोन पुरुष खोल. पावसाळ्यात ती काठोकाठ भरते आणि काठाला शेवाळ धरतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच दर वर्षी मुलांना बजावते की खाणीच्या बाजूला जायचं नाही. आणि आज मीच चौतीस मुलांना तिच्या ‘कडेकडेने’ पाठवलं होतं.

तृप्तीचा फोन लागेना. पुन्हा केला, पुन्हा केला. श्रीधर पेपर वाचत होता, त्याची दुपारची पाळी होती. मी त्याला सांगितलं की मुलं चिरेखाणीवर गेली आहेत, दीपकाडी बघायला.

“पण दीपकाडी तिकडे कुठे असते? तू तर नेहमी उलटीकडे जातेस.”

माझं बोलणं हा माणूस कधी ऐकत नाही, असं मी पंचवीस वर्षं धरून चालले होते.

“मी तिला खोटं सांगितलं,” मी म्हणाले.

त्याने पेपर घडी करून ठेवला. रेनकोट घातला, स्कूटर काढली आणि गेला. 

मी खिडकीत उभी राहिले. मग दारात. मग कधीतरी फाटकाशी. छत्री नव्हती, चप्पल नव्हती. रस्त्यावर स्कूटरचा आवाज आला की वाटायचं तोच आहे, आणि दुसराच कुणी जायचा. एकेका मुलाचं नाव मनात येत होतं, हजेरीपटाच्या क्रमाने. शेवटच्या नावापर्यंत जायचं धाडस होईना, म्हणून मी मधूनच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होते. असा तास-सव्वा तास गेला असेल. फाटकातला चिखल घोट्यापर्यंत आला होता. सव्वा महिन्यात पहिल्यांदा माझ्या पायाला माती लागली होती, आणि मला ते कळलंसुद्धा नाही.

श्रीधर आला तो निथळत. “सगळी आहेत. आत हो आधी.”

मला पाटावर बसवून त्याने माझे पाय गरम पाण्याने धुतले आणि धुता धुता सांगितलं. “खाणीपासून चांगल्या अंतरावर दोरी बांधलीन होती तिने. दोरीच्या पुढे एकाला सोडलंन नाही. दोन शिक्षक बरोबर. तुझी ती फुलं काही मिळाली नाहीत, पण अलीकडच्या डबक्यात बेडकाची पिल्लं मिळाली, त्यांच्याभोवती सगळी वर्तुळ करून बसल्येयत. मला बघून आजोबा आले म्हणून ओरडली.” मग टॉवेल डोक्यावर घेऊन तो जरा थांबला. “अगो, केवढं मोठं आहे गो ते सगळं! नजर पोचत नाही. तू कधी सांगितलं नाहीस.”

पंचवीस वर्षं मी दुसरं काय सांगत होते? आणि आता तो जाऊन बघून आला होता आणि मी पाटावर बसले होते. इतक्या भीतीनंतरही मला त्याचा हेवा वाटला.

संध्याकाळी तृप्ती पायरीवर आली. “नाही सापडली बाई. माझंच काहीतरी चुकलं असेल.”

श्रीधर आतच होता. तो माझ्याकडे बघत राहिला. मी तृप्तीला रिकामा डबा परत दिला.

ताप

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप चढला. पेशी उतरलेल्या असताना ताप आला की एक तासही काढायचा नाही, तडक निघायचं, असं आम्हाला बजावलेलं होतं. गाडीच्या काचा बंद, आंबा घाटात धुकं, आणि मागच्या सीटवर मी दोन रजयांखाली थडथडत होते. चिखलात उभी राहिले म्हणून ताप आला का, असं मी नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तसं सांगता येत नाही, तसाही आला असता. मी मात्र मनाशी धरूनच बसले होते की शिक्षा झाली.

वेगळ्या खोलीत ठेवलं. पहिले दोन दिवस फार वाईट गेले. मरणाची भीती वाटत होती, ती सगळ्यांना वाटते. माझ्या भीतीला एक खास शेपूट होतं. मी गेले तर शाळेत शोकसभा होईल, तृप्ती बोलायला उभी राहील आणि फार चांगलं बोलेल. ती माझ्याबद्दल एकही वाईट शब्द काढणार नाही. आणि मी खोटं सांगितलं होतं हे श्रीधर तिसऱ्या रांगेत बसून मनात ठेवेल.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. श्रीधर मास्क लावून आत आला. मी म्हणाले, “तू तिला सांगितलंस का?”

“मी कशाला सांगू? तू बरी हो आणि तूच सांग.”

तो रागावलेला होता. राग पुरता गेलेला नव्हता तरी त्याने माझ्या ओठांना तूप लावलं, कारण ते फुटले होते. आजारपणात माया आणि राग एकाच हातून घ्यावे लागतात, आणि मला ती दोन्ही त्याच्याकडून मिळत होती.

पाचव्या दिवशी पेशी वर आल्या. नर्स म्हणाली, “सुटलासा बघा बाई.”

वही

पुढच्या चार केमो ओढूनताणून पार पडल्या. नवान्नाला श्रीधरने डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि मग दाराला नवं बांधलं: भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, कुरडूचं फूल, आंब्याच्या पानात गुंडाळून. मी आतून बघत होते. त्यानंतर थोड्या दिवसांनी स्कॅन झाला. स्वच्छ आला. आक्कांचाही स्वच्छ आला, आणि ह्या वेळी मला नुसता आनंद झाला.

सांगायचं तेवढं राहिलं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत डिसेंबर उजाडला. तृप्ती पायरीवर बसायला लागली तेव्हा मी तिला आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि बोलून टाकलं. “चिरेखाणीपलीकडे काही नव्हतं. मला माहीत होतं. तुला रिकाम्या हाताने परत यायला लागावं म्हणून सांगितलं. मला तुझा हेवा वाटत होता. अजून वाटतो.”

“मला ठाऊक होतं बाई.”

“काय ठाऊक होतं?”

“तिथे नसते ते. जागा ठाऊक आहे मला. सातवीत हात ठेवलाय कातळावर.”

“मग मला विचारायला कशाला आलीस?”

“परवानगी मागायला आल्ये होते. बाईंशिवाय न्यायचं नाही, असं म्हटलंय ना आम्ही. तुम्ही चिरेखाण म्हणालात, म्हणजे यंदा नाही, असं समजले.”

“आणि मुलांना तिकडे नेलंस? भर पावसात?”

“नुसतं नाही म्हटलं असतं तर ती आपली आपण शोधत सुटली असती. बाईंनी सांगितलेली जागा बघितली, नाही मिळाली, विषय संपला.” मग ती हसली. “आणि दोरी नेली की. पूर्णगडच्या घरात दोरीला काय तोटा?”

मला हायसं वाटायला हवं होतं. पण माझ्यातली मास्तरीण जागी झाली. “थांब. तू सातवीत होतीस तेव्हा ती जागा मला सापडलीच नव्हती. आई गेल्यावर सापडली मला. तू तेव्हा आठवीत.”

 तिने रिकामा डबा पिशवीत घातला. “येत्ये बाई. जपा.”

ती बोलली असती तर मी वाद घातला असता. ती गप्प राहिली म्हणून मी कपाटावरच्या जुन्या वह्या श्रीधरकडून काढून घेतल्या. दर फेरीची नोंद मी करते. तिच्या सातवीच्या वर्षाची वही मिळाली. पानाला पाणी लागून शाई फुटली होती, पण अक्षर माझंच होतं.

‘दीपकाडी! तृप्तीची (७ ब) चप्पल चिखलात राहिली म्हणून ती मागे गेली. तिथून तिने हाक मारली, बाई हे काय आहे. सात दांड्या. जागा फुटू नये म्हणून मुलांकडून शब्द घेतला.’

आई पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गेली. त्या पावसाळ्यात मी एकटी तिथे गेले, रडले, मला बरं वाटलं, हे सगळं खरं आहे. पण जागा मला सापडलेली नव्हती. मी जाणूनबुजून खोटं लिहिलं नाही. भाषणांत सांगत गेले, सांगता सांगता मुलगी गळली आणि मी एकटी उरले, आणि पुस्तक लिहायला बसले तेव्हा मला तसंच आठवत होतं. तृप्तीने ते प्रकरण वाचलं होतं. पहिल्या रांगेत बसून ऐकलं होतं. आणि वर मी तिच्या प्रतीवर लिहून दिलं होतं की डोळे उघडे ठेवून पाहायला शिक.

मी ती वही श्रीधरला वाचायला दिली. त्याने चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाला, “आता हेही सांगावं लागणार तुला.”

जुलै

ह्या जुलैत डॉक्टरांनी सड्यावर जायला हरकत नाही म्हटलं. डोक्यावर बोटभर केस, त्यांवर टोपी, हातात काठी. श्रीधरने रजा टाकली आणि बरोबर आला. सातवीची मुलं, पुढे तृप्ती, मागे मी. आधी मी नेहमी पुढे असायची. तिची पावलं पटापट पडत होती आणि माझी दर दहा पावलांना थांबत होती, आणि वेणी तशीच, मनगटाएवढी.

जागेवर पोचलो तेव्हा तीन दांड्या होत्या. मी मुलांना गोल बसवलं. श्रीधरने बाटली पुढे केली. मग मी सांगितलं. “ही जागा तुमच्या तृप्तीबाईंना सापडली. तेव्हा त्या तुमच्याएवढ्या होत्या. माझ्या पुस्तकात मला सापडली असं लिहिलंय, ते चूक आहे.”

तृप्ती कानापर्यंत लाल झाली. “बाई, चप्पल शोधत होते मी.”

मुलं हसली. मग समोर बसलेल्या एका मुलीने हात वर केला. “मग शब्द देताना कुणाचं नाव घ्यायचं? बाईंशिवाय म्हणजे कुठल्या बाईंशिवाय?”

सगळी माझ्याकडे बघायला लागली, तृप्ती सोडून. ती खाली बघत होती.

“त्यांच्याशिवाय,” मी म्हणाले.

काठी श्रीधरकडे देऊन मी खाली बसले आणि मुलांच्या हातांशेजारी कातळावर हात ठेवला. ओला आणि खरखरीत होता तो. मुलांबरोबर मोठ्याने म्हणाले, “तृप्तीबाईंशिवाय इथे कुणाला आणणार नाही.” म्हणताना तोच जुना हेवा टोचला, अगदी पहिल्यासारखा. तरी वाक्य मी शेवटपर्यंत म्हटलं.